जो लावेल तोच काढेल

आमच्या घरात तीन कॉम्प्युटर होते आणि तिन्हींना दमा होता. बटण दाबावं, तोंड धुऊन यावं, चहा टाकावा, तो निवांत प्यावा, मग कुठे पडदा उजळायचा. एक माझा, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी. दुसरा मुलाचा. तो शाळेत गणित शिकवतो, म्हणून घरात सगळे त्याला मास्तर म्हणतात, त्याची आईसुद्धा. तिसरा सूनबाईचा, आतल्या खोलीत, शिलाई मशीन आणि कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधे कसाबसा कोंबलेला.

मी लिफ्टवाला. चालवणारा नव्हे हं, दुरुस्त करणारा. जन्म सगळा इमारतींच्या त्या उभ्या अंधाऱ्या बोळात गेला, अंगाला ग्रीस आणि कानात मोटरीचा आवाज. निवृत्त झालो तरी हात काही निवृत्त होत नाहीत. घरात एखादी बिजागरी कुरकुरली तरी मला बरं वाटतं. तेव्हा त्या दिवशी जेवताना आमची ही म्हणाली, "अहो, खर्चातनं थोडे पैसे शिल्लक पडलेत. त्या तीन डबड्यांचं काय ते एकदाचं करून टाका. रोजची कटकट नको," आणि मी हातातला घास ताटात ठेवला.

"करतो! उद्याच करतो!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ही म्हणाली. "आधी जेवा."

पण जेवण कसलं जातंय! शिल्लक किती ते सांगत नाही, घरातली गोष्ट घरात राहू दे. एवढंच समजा, की त्यात नवीन कॉम्प्युटर घ्यायचा तर अर्धाच आला असता. अर्धा कॉम्प्युटर कोणी विकत नाही. म्हणजे जुन्यांनाच टॉनिक पाजायचं होतं. मी ताटं बाजूला सरकवली आणि टेबलावर तीन चमचे मांडले. हा माझा, हा मास्तरचा, हा सूनबाईचा. मीठदाणी म्हणजे पैसे. आता बोला कोणाला काय पाहिजे!

मास्तर गणिताचा माणूस. त्याने मीठदाणी उचलून बरोबर मधे ठेवली. "बाबा, सरळ भागाकार करा. तिघांना सारखं."

"म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या," मी म्हणालो. "तिघांना एकेक चमचा औषध दिलं तर तिघेही आजारीच राहतील."

"मग तुमच्या मते सगळं औषध कोणाला?"

"मला एक मोठा मॉनिटर असता तर बुद्धिबळात उंट आणि प्यादं वेगळं दिसलं असतं," मी आपलं सुचवून पाहिलं.

"उंट दिसतो तुम्हाला चांगला. हरता ते हरताच," ही म्हणाली. "मला काही नको. तो तुमचा डबा सारखा घरघरतो तेवढं थांबवा."

माझी नात ठमी, वय वर्षं पाच, तिला तिन्ही चमचे हवे होते. या सगळ्या गोंधळात सूनबाई मात्र गप्प. ती जेवणाची भांडी आवरत होती. मी विचारलं, "काय गं, तुझं काय म्हणणं?"

"माझा चालतो की, बाबा. हळू चालतो, पण चालतो."

"चालतो म्हणे!" ही उसळली. "सांग ना त्यांना. का मी सांगू?"

आणि हिनेच सांगितलं. सूनबाई पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात होती. पॅटर्न काढायची. पॅटर्न म्हणजे कपड्याचा साचा. आधी एका मापाचा साचा काढायचा, मग त्यावरून लहानमोठी सगळी मापं बेतायची. खांद्याला इतकं वाढवलं तर बाहीला किती, कमरेला किती, असला सगळा हिशोब. तिच्या हाताखाली कटिंगचा अख्खा विभाग होता. ठमी झाली आणि नोकरी सुटली, ती सुटलीच. अधूनमधून शेजारणींचे झगे शिवायचे, झालं. आता एका कोट बनवणाऱ्या कंपनीने तिला एक कोट चाचणीला दिला होता. तो सगळ्या मापांत बेतून शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा. पसंत पडला तर घरबसल्या कायमचं काम.

"चौघींना दिलाय तो कोट," ही म्हणाली. "घेणार एकीलाच."

"आणि हे मला आज कळतंय?" माझा आवाज चढला. माझा चढतो पटकन, सगळ्यांना माहीत आहे.

"तुम्ही विचारलंत आज," सूनबाई म्हणाली. टोमणा नव्हता, नुसतं सांगितलं. तो मला टोमण्यापेक्षा जास्त लागला.

मी मीठदाणी उचलली आणि सूनबाईच्या चमच्यापुढे आपटली. "ठरलं! सगळं औषध इकडे!"

मास्तरने आधी चमच्याकडे, मग बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "मान्य. गणित बदललं." त्याचं हे मला आवडतं, चूक कळली की लगेच पुसतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या अंगात आलं. मी सूनबाईच्या मागे स्टूल टाकून बसलो. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. लिफ्ट हळू आहे अशी तक्रार आली, की मोटरीला हात लावायचा नाही. आधी उभं राहून बघायचं. लिफ्ट पळते चांगली, वेळ जातो दारात. दार उघडायला, मिटायला, अडकायला. दार सुधारा, लिफ्ट पळायला लागते. तेव्हा मी म्हटलं, हिच्या कॉम्प्युटरचं दार कुठे अडकतंय ते बघू.

तिने कोटाची पाठ पडद्यावर घेतली आणि पुढचं माप बेतायचा हुकूम दिला. लगेच डबा कण्हायला लागला. पडदा गोठला. सूनबाईने हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला सवय झाली होती! मला त्या बघत बसण्याचाच राग आला. बाईचा हात किती चालतो, आणि ती बसलीये त्या डबड्याची वाट बघत.

मास्तरने पडद्याच्या एका कोपऱ्यात एक खिडकी उघडून दिली. कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते तिथे दिसत होतं. आणि काय सांगू, मला नाचावंसं वाटलं! डोकं म्हणजे प्रोसेसर, तो अर्धा झोपलेला. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली. ती भरली की उरलेला पसारा डिस्कवर नेऊन टाकायचा, परत आणायचा. आणि डिस्क ही अशी जुनी, चक्कीसारखी फिरणारी. म्हणजे मोटर ठणठणीत, दार अडकलंय!

"सापडलं!" मी असा ओरडलो की ठमी धावत आली.

मग बेत. आहाहा, बेत करण्यासारखं सुख नाही. मी माझा डबा उघडला, मास्तरचा उघडला. मेमरीची पट्टी असते बोटभर लांब, तिला खालच्या बाजूला एक खाच असते. मास्तरच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी, ती उपयोगाची नाही. माझ्या पट्ट्यांची खाच मात्र सूनबाईच्या खाचेशी बरोबर जुळत होती. म्हणजे मेमरी घरातच होती, फुकट! माझ्या दोन्ही पट्ट्या तिला द्यायच्या, आणि शिल्लक पैशांत आणायची नवी डिस्क, ती न फिरणारी, आवाज न करणारी. माझा डबा मेमरीशिवाय बंद पडला असता, पडू दे. मी जेवताना, उठताना, बसताना एवढंच बोलत होतो. ही म्हणाली, झोपेतही खाच खाच करत होतात.

"पण बाबा," सूनबाई म्हणाली, "हे शुक्रवारनंतर करूया ना. एकदा कोट गेला की मग."

"अगं, कोटासाठीच तर करायचंय!"

"मूळ साचा झालाय माझा. मापं तेवढी बेतायची राहिलीत. हळूहळू होतील."

"हळूहळू कशाला? शुक्रवारी सकाळी घेतो, तासाभरात परत देतो. मग बघ कशी पळते तुझी गाडी. सहाच्या आत दोनदा पाठवशील!"

ती हो म्हणाली. नाही म्हणायला हवं होतं, पण सासऱ्याचा उत्साह एवढा, तिला जड गेलं असणार.

आता पाटीबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे एक लाल पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, "काम चालू आहे. हात लावू नका." लिफ्टच्या कामाला हात घालायच्या आधी मुख्य स्विच बंद करायचा आणि त्यावर आपली पाटी टांगायची. जो लावेल तोच काढेल. साहेब आला तरी त्याने काढायची नाही, इमारतीचा मालक बोंबलला तरी काढायची नाही. माझा जोडीदार, आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो, त्याची पाटी एकदा कोणा शहाण्याने "चुकून राहिली असेल" म्हणून काढली आणि स्विच चालू केला. पहिलवानाची दोन बोटं गेली. आता तो दुसऱ्या गावात असतो आणि उरलेल्या बोटांनी मला कॉम्प्युटरवर बुद्धिबळात हरवतो. घरात ही पाटी म्हणजे देवापेक्षा मोठी. मास्तर चालायला लागला तेव्हापासून त्याला ती माहीत. मी मिक्सर उघडला तरी पाटी लागते, आणि मिक्सर माझ्याशिवाय कोणी चालू करत नाही.

शुक्रवारी सकाळी मी सूनबाईच्या खोलीतला स्विच बंद केला, पाटी टांगली, डबा जमिनीवर आडवा घेतला आणि त्याचं झाकण काढलं. आत बघतो तर काय, कापसाची गादी! शेजारी कापड कापलं जायचं, त्याचा सगळा बारीक कचरा पंख्याने आत ओढून घेतलेला. पंख्याची पाती दिसतच नव्हती. बिचारा गरम होऊन धापा टाकणार नाही तर काय करणार! मी रंगाचा ब्रश घेतला, केस वाळवायचं यंत्र गार वाऱ्यावर लावलं आणि साफ करत सुटलो. ठमी मागे बसून "अजून निघालं, अजून निघालं" म्हणत होती. उजेड कमी पडला म्हणून फोनचा दिवा लावून फोन डब्यातच उभा केला. सगळं लख्ख झालं. आता फक्त पट्ट्या बसवायच्या आणि डिस्क.

डिस्क! ती अजून आणायचीच होती. मी म्हटलं, आधी डिस्क आणू, मग सगळं एकदमच बसवू. चपला अडकवल्या.

"आत्ता आलो!" मी दारातून ओरडलो आणि जिना उतरलो.

आमच्या इथे एक बोळ आहे, दोन्ही बाजूंना नुसती कॉम्प्युटरची दुकानं. दारात वायरींची भेंडोळी, फळ्यांवर उघडे डबे, सोल्डरिंगच्या धुराचा वास. मला तिथे गेलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. एका दुकानदाराला, त्याचं नाक सारखं गळत होतं, मी सगळी कुंडली सांगितली. त्यानेही कुंडली ऐकून घेतली, कारण चांगला दुकानदार होता. मग त्याने दोन जुने डबे शेजारी ठेवले, एकात फिरणारी डिस्क, एकात नवी, आणि दोन्हींची बटणं एकदम दाबली. नवा उजळून मोकळा झाला, जुना अजून खोकतच होता.

"पुन्हा दाखवा," मी म्हणालो.

त्याने पुन्हा दाखवलं. मी आणखी एकदा मागितलं. मग त्याने मला मोठ्या आकाराची डिस्क दाखवली, मग वापरलेला मॉनिटर दाखवला, मग मी घासाघीस केली, मग त्याने चहा मागवला, मग आम्ही लिफ्टबद्दल बोललो, कारण त्याच्या सासुरवाडीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकते. ती का अडकते ते मी त्याला कागदावर काढून दाखवलं. काय सुरेख दुपार होती! डिस्क खिशात घातली आणि सहज त्याच्या भिंतीकडे नजर गेली. घड्याळात साडेतीन वाजत होते.

फोन काढायला खिशात हात घातला. फोन तिकडे, डब्यात दिवा दाखवत उभा.

मी कसा घरी पोचलो ते मला विचारू नका. जिना चढून दारात आलो तर घर गप्प. एवढं गप्प घर मी कधी ऐकलं नव्हतं. ही दारातच उभी.

"आलात? या. पाटी काढा."

आतल्या खोलीत डबा तसाच उघडा, पाटी तशीच टांगलेली. मास्तर शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला होता, तो भिंतीला टेकून बसलेला. सूनबाई जमिनीवर कागद पसरून कोटाची मापं हाताने बेतत होती. पट्टी, पेन्सिल, खोडरबर. डोळे लाल. पाठवायला हवी होती कॉम्प्युटरवरची फाईल, हाताने काढलेला कागद त्या कंपनीला चालणार नव्हता. तिलाही ते ठाऊक होतं. पण हात रिकामा ठेवून बसवत नसणार.

"अरे, मग चालू का नाही केला?" मी मास्तरवर ओरडलो. "झाकण लावायचं आणि चालू करायचं! आत काही सुटं नव्हतं!"

"मी निघालो होतो पाटी काढायला," मास्तर सूनबाईकडे बघत म्हणाला. "हिने हात धरला."

"का?"

सूनबाईने पेन्सिल खाली ठेवली. आमच्या घरात आल्यापासून ती माझ्याशी आवाज चढवून बोलली नव्हती. तेव्हाही चढवला नाही.

"कारण पाटी तुमची होती, बाबा. आत तुम्ही काय सोडलंय, काय जोडलंय, आम्हाला काय माहीत? पहिलवान काकांची बोटं मला माहीत आहेत. तुमचं काम चालू होतं ना, म्हणून पाटी होती. माझंही काम चालू होतं. माझ्या कामाला पाटी कुठे होती?"

पाटी म्हणजे माणसाचं काम चालू आहे, त्याला मधे हात लावू नका, हे मी जन्मभर साहेबांना सुनावलं होतं. आणि माझ्याच घरात एका बाईचं काम चालू असताना मी मधे हात घालून बाजारात चहा पीत बसलो होतो. मला माझी लाज वाटली, सरळ सांगतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "शंभर टक्के चुकलं. मला सांग, किती वेळ लागेल तुला?"

"आधी लागत होता तसा लागला तर सहापर्यंत होत नाही."

"आणि मेमरी दुप्पट झाली तर?"

तिने मान वर केली. "तर बघावं लागेल."

"मग बघू! मास्तर, माझा डबा उचलून आण. पळ!"

डिस्क बसवायची गोष्टच सोडली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला तीन-चार तास लागतात, हे मी पैसे देत असताना दुकानदाराने सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. ती डिस्क तशीच खिशात राहिली. मी माझ्या डब्यातून दोन्ही पट्ट्या उपटल्या. बिनमेमरीचा माझा डबा हॉलच्या कोपऱ्यात गेला, पहिलवानाचा डाव अर्धवट टाकून. मी सूनबाईच्या डब्यातला माझा फोन बाहेर काढला, पट्ट्या आत बसवल्या, झाकण लावलं, पाटी काढली आणि स्विच दाबला.

बीप. बीप. बीप. पडदा काळा.

"गेलं," मास्तर पुटपुटला.

"गप! ते सांगतंय काहीतरी. नीट बसलं नाही म्हणतंय." पुन्हा स्विच बंद, पुन्हा झाकण. पट्टीचे सोनेरी दात काळपटलेले दिसले. "खोडरबर!"

सूनबाईने जमिनीवरचं खोडरबर माझ्या हातात ठेवलं. मी दात घासून चकचकीत केले, पट्टी पुन्हा खाचेत ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्! दोन्ही बाजूंच्या कळा आपोआप मिटल्या. तो आवाज ऐकला की माणसाने समजावं, दार नीट बसलं.

"दाब गं ठमे, तू दाब बटण!"

ठमीने दाबलं. एकच बीप. आणि पडदा उजळला! आम्ही सगळे ओरडलो, हीसुद्धा, जिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पंखा असा गपगार फिरत होता, की मी वाकून बघितलं फिरतोय का.

सूनबाई खुर्चीत बसली. कोटाची पाठ घेतली, पुढच्या मापाचा हुकूम दिला आणि सवयीने हात मांडीवर ठेवले. पण हात मांडीवर पोचायच्या आत पडद्यावर माप तयार! तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग दुसरं माप, तिसरं. बाही. कॉलर.

"बाबा! अहो, बघा ना! आई, बघा हे!"

"बघतोय, बघतोय!" मी तिच्या खांद्यावरून आत वाकलो. "आता ती बाही जरा मोठी करून बघ. आणि तो खालचा भाग काय आहे? त्यात काय..."

ती उठली. माझ्या हातात अजून लाल पाटी होती, ती तिने काढून घेतली. "आता सगळ्यांनी बाहेर," ती म्हणाली. आम्ही बाहेर आलो. तिने पाटी दाराच्या कडीला टांगली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मग आम्ही तिघे आणि ठमी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. माझ्या जिवाची नुसती तगमग. मी उठायचो, दारापर्यंत जायचो, पाटी वाचायचो आणि परत यायचो.

"वाचता येतं ना?" ही म्हणाली.

"येतं."

"मग बसा."

ठमीला आई हवी होती. ती दारापाशी गेली, पाटीकडे बघितलं आणि आजीच्या मांडीवर येऊन बसली. फोन वाजला, हिने तो उशीखाली दाबला. शेजारीण झगा घेऊन आली, तिला मास्तरने जिन्यातूनच परत पाठवलं. घड्याळाचा काटा मला सहाच्या दिशेने सरकताना दिसत होता, आणि आतून फक्त बोटांचा आवाज येत होता. थांबत नव्हता तो आवाज. तोच माझ्या जिवाला आधार.

सहाला थोडं कमी असताना दार उघडलं. सूनबाई चौकटीत उभी, केस विस्कटलेले, गालावर पेन्सिलीचा डाग.

"गेलं," ती म्हणाली. "सगळी मापं गेली. पोचल्याचं उत्तरही आलं."

माझा जीव भांड्यात पडला. ही उठून तिच्या गालावरचा डाग पदराने पुसायला लागली आणि पुसता पुसता स्वतःच रडायला लागली.

निकाल सोमवारी आला. सूनबाई ओट्यापाशी होती, फोन वाजला, तिने वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसली. मला वाटलं, झालं, संपलं. मी काही तरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात तिने फोन वर धरला. "उद्याच मुलांचे रेनकोट पाठवतायत. सगळ्या मापांत." मास्तरने ठमीला एवढं उंच उचललं, की तिचं डोकं दिव्याला लागता लागता वाचलं. मी तर घरभर नाचलो. गुडघे दुखतात माझे, पण नाचलो.

आणि नाचून झाल्यावर मला आठवण झाली, खिशातल्या डिस्कची. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तडक आतल्या खोलीकडे गेलो. दार बंद. कडीला पाटी. सूनबाई रेनकोटाच्या तयारीला लागलेली. मी ती कडी धरायला वर नेलेला हात खाली घेतला. बाहेर येऊन बसलो, फोनवर डोळे बारीक करून पहिलवानाशी बुद्धिबळ खेळलो आणि उंटाला प्यादं समजून हरलो.

आणखी चार दिवस ती डिस्क माझ्या खिशात होती. रेनकोट गेले, मग ती बाहेर आली. स्वतःच्या हाताने तिने कडीची पाटी काढली आणि मला म्हणाली, "चला बाबा. दार दुरुस्त करायचंय ना?"

रात्री जुन्यातलं सगळं नव्यात उतरवलं. सकाळी मी नवी डिस्क बसवली, झाकण लावलं. सगळे जमले. मी बटण दाबलं आणि सवयीने उठलो, चहा टाकायला.

"बाबा, कुठे निघालात?" मागून सूनबाई म्हणाली. "झालासुद्धा सुरू."

मी वळलो. पडदा उजळलेला, कोट समोर. मी पुढे वाकलो, म्हटलं आता जरा बघू कुठलं माप किती वेळात...

सूनबाईने टेबलावरची पाटी उचलली. नुसती हातात धरून उभी राहिली. आम्ही सगळे निमूट उठून बाहेर आलो, आणि मागे कडीला पत्र्याचा आवाज झाला.

चहा मी मग सगळ्यांसाठीच टाकला. तिचा झाकून ठेवला.